गाठीची कड

घास तोंडात होता, नेमकं तेव्हाच ते बोलले. लखनौतल्या आमच्या संस्थेच्या गेस्ट हाऊसचं जेवणघर, पंख्याखाली हलणारे कागदी नॅपकिन, आणि माझ्या समोर डॉ. राघव माथुर. माझी विद्यार्थिनी अवनी, तिचा प्रबंध तपासायला बाहेरून आलेले परीक्षक. अरहरच्या डाळीत रोटीचा तुकडा बुडवून त्यांनी आवाज जरा खाली आणला आणि काहीतरी भेट द्यावी तशा सुरात म्हणाले, "मैडम, एक बात कहूँ? थीसिस बहुत अच्छी है. लेकिन यह आइडिया उस लड़की का नहीं है. यह आपका है. बरसों स्लाइडें देखे बिना ऐसी नज़र आती नहीं. है न?" मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात दहीभात होता, आणि चातुर्मास चालू होता. चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही. पहिला घास घेण्याआधी श्लोक म्हणते, आणि मग हात धुऊन चूळ भरेपर्यंत मौन. हूं म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, बोटाने दाखवायचं नाही. खूण करणं हेही बोलणंच, असं आई म्हणायची. आमच्या विभागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नवा कुणी टेबलावर आला की विभागप्रमुख लीलावतीजी स्वतःच सांगून टाकतात, "इनसे अभी कुछ मत पूछना भई, इनका ऊपर वाले से कॉल चल रहा है." पण लीलावतीजी प्रोजेक्टर बघायला सभागृहात गेल्या होत्या आणि टेबलावर आम्ही दोघंच होतो. मी खाली माझ्या डब्याकडे पाहिलं. डॉ. माथुरांना ते बहुधा संकोचाचं वाटलं असावं, एखाद्या मोठ्या मनाच्या बाईने आपलं श्रेय झाकून घ्यावं तसं. ते हसले. "समझ गया," म्हणाले. मग त्यांचा फोन वाजला आणि ते ताट तसंच ठेवून बाहेर गेले.

मी घास गिळला. आणि तो गोड लागला. साधा दहीभात, वर मोहरीची फोडणी, डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात दोडक्याची भाजी, जिला इथे तोरई म्हणतात. त्यात गोड काही नव्हतं. पण घशातून काहीतरी ऊबदार खाली उतरत गेलं, आणि ते काय आहे हे कळायच्या आत मी पुढचा घास घेतला होता. यह आपका है. इतकी वर्षं मी सूक्ष्मदर्शकावर मान वाकवून बसले आहे, मानेचा मणका त्या वाकण्यातच घट्ट झाला आहे, आणि माझ्या नजरेचं असं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही. धनंजय, माझा नवरा, विद्यापीठात इतिहास शिकवतो. तो म्हणतो, "तू इतकं हळू बोलतेस की तुझं म्हणणं काय आहे हे तुझ्याआधी दुसराच कुणीतरी मोठ्याने बोलून जातो." हे तो चिडवायला म्हणतो, आणि मला राग येत नाही. सकाळी तुळशीला पाणी घालताना रोज एकच मागणं असतं, मीपण जाऊ दे. आणि आता भर दुपारी, व्रताच्या मौनात, ते मीपण माझ्या जिभेवर बसून दहीभात खात होतं.

चूळ भरली, श्लोक म्हटला, मौन सुटलं. मी लगेच बाहेर आले. डॉ. माथुर कडुनिंबाच्या सावलीत फोनवर बोलत फेऱ्या मारत होते. त्यांच्याशी बोलायचं होतं ते एकच वाक्य. ही कल्पना अवनीची आहे. मी मनात ते हिंदीत लावून पाहिलं, इंग्रजीत लावून पाहिलं. भाद्रपदातली लखनौची उमस अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटली होती. फोन संपला आणि मी पुढे झाले, तेवढ्यात लीलावतीजी संचालकांना घेऊन आल्या. नमस्कार झाले, हसणं झालं, आणि ते सगळे सभागृहाकडे निघाले. मी मागून चालत राहिले. पुढे जाऊन त्यांना थांबवणं अशक्य नव्हतं. पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की पाय आपोआप मंद झाले. आणि खरं सांगायचं तर ते दार येईपर्यंत मी हेही तपासत होते की पाय नक्की कशामुळे मंद झाले आहेत. खुल्या तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. दार ओलांडलं की मी पुन्हा मौनात जाणार होते, आणि मुलगी एकटी उभी राहणार होती, जिच्या कित्येक वर्षांच्या कामावर परीक्षकाच्या मनात माझं नाव लिहिलं गेलं होतं. त्यांच्या अहवालात ते तसंच उतरलं असतं. पुढे जिथे जिथे ती गेली असती तिथे ते तिच्या आधी पोचलं असतं. चांगली मुलगी आहे, हात चांगला आहे, पण डोकं तिच्या मॅडमचं.

हे मौन आईचं. म्हणजे व्रत आईचं होतं, माझ्याकडे ते अर्धं आलं. मी मिरजेला वैद्यकीय शिकत होते. भाद्रपदातच, सुट्टीला घरी आले होते. आई चातुर्मासात जेवताना बोलायची नाही, पण जेवण झालं की उसनं फेडावं तशी बोलायची. शेजारच्या बाईंपासून पंचांगापर्यंत काही सुटायचं नाही. त्या दुपारी जेवणं झाली. बाबा उठले, मी ताटं उचलली, आणि आई पाटावर तशीच बसून राहिली, उजव्या हाताला भात वाळत चाललेला. "आई, उठ की," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. बाबा ओसरीवरून म्हणाले, "अगं, तिचं मौन आहे, कशाला बोलवतेस?" मला वाटलं खरंच, अजून चूळ भरली नाहीये तिने. मी तांब्या तिच्या हाताशी ठेवून भांडी घासायला गेले. ती उठली, हात धुतला, आत जाऊन पडली. आम्ही कुणी तिला त्रास दिला नाही. उलट मावशी आली तेव्हा मी तिला हळूच म्हटलं, आईने या वर्षी दुपारभर मौन धरलंय वाटतं, आणि मावशीने हात जोडले. केवढं कडक व्रत, म्हणाली. दिवे लागले. आई देवापुढे बसली, शुभंकरोतीला तिचे ओठ हलले, आणि त्यातून शब्द आला नाही. ती पुन्हा पुन्हा ओठ हलवत होती. समईच्या उजेडात तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आजवर नाव देऊ शकलेले नाही. भीती नव्हती. आपल्याच घराचं दार आतून बंद सापडावं, तसं काहीतरी. डॉक्टर म्हणाले की चार तास आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता, आणि ते खरं होतं. मेंदूत जिथे शब्द असतात तिथे गाठ होती, आणि ती गाठ तिथली नव्हती. ती फुफ्फुसातून आली होती. आईची छाती कधी दुखली नव्हती. खोकला सुद्धा झाला नव्हता.

आईचा अर्धा राहिलेला तो चातुर्मास मी पुरा केला, आणि मग तो माझाच झाला. आणि एक प्रश्न माझा झाला. गाठीला रुजायला एवढं मोठं शरीर पडलं होतं. तिथेच का? आमचे सर म्हणायचे, बी वाऱ्यावर कुठेही जातं, पण उगवतं ते मातीने घेतलं तरच. हे मी ऐकलं, पाठ केलं, पुढे मुलांना शिकवलं. आणि तरी आयुष्यभर मी फक्त बी बघत आले. गाठीच्या पेशी, त्यांची वेडीवाकडी केंद्रकं, त्यांची फुटण्याची घाई. स्लाइड लावायची, गाठ शोधायची, गाठ मध्यभागी आणायची, फोटो घ्यायचा. जगभर असंच करतात. भोवतालची ऊती म्हणजे चौकट, आणि चौकट कुणी बघत नाही.

सभागृहात मी माझ्या जागेवर बसले. अवनी व्यासपीठावर होती, निळ्या चुडीदारात, केस घट्ट बांधलेले. लहान मुलीसारखी दिसत होती. तिचे आईवडील दुसऱ्या रांगेत. देवदत्तराव हवाई दलातून निवृत्त झाले, इथल्याच सरोजिनी नगरात घर बांधून राहिले. ताठ बसले होते, कुणी सलामी मागेल अशा तयारीत. विजयाताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मॅडम, हिने सकाळपासून काही खाल्लं नाहीये हो. म्हटलं उपास कसला? तर म्हणते, मैम का असर है." मला हसू आलं. अवनी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी तिला वर्षानुवर्षं मराठीत रागावत आले आणि ती वर्षानुवर्षं "जी मैम, अभी करती हूँ" म्हणत आली. गणपतीला आमच्या महानगर भागातल्या घरी येते तेव्हा तेवढ्यापुरती मला काकू म्हणते, आरतीत टाळ वाजवते, शब्द पुटपुटते, आणि मोदकांच्या वेळी मात्र तिचं मराठी एकदम शुद्ध होतं.

ती बोलायला लागली. पडद्यावर फुफ्फुसाची गाठ आली, जांभळी, दाट. आणि मग अवनीने चित्र हळूच मागे नेलं, भोवतालचं दिसत गेलं आणि गाठ लहान होत कोपऱ्यात गेली. आता मध्यभागी होती ती गाठीची कड, जिथे रोग संपतो आणि शेजार सुरू होतो. इथे बघा, ती सांगत होती. काही गाठींच्या भोवती तंतू कुंपणासारखे गोल फिरलेले असतात, आणि त्यांच्यात लढणाऱ्या पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. काहींच्या भोवती तेच तंतू सरळ बाहेरच्या दिशेने गेलेले असतात, रस्त्यांसारखे, आणि लढणाऱ्या पेशी लांब कुठेतरी पांगलेल्या. तिच्या जमवलेल्या स्लाइडींत दुसऱ्या जातीच्या गाठी मेंदूत जास्त गेल्या होत्या. मग तिने मेंदू दाखवला. तिथे येऊन पोचणाऱ्या पेशी बहुतेक मरतात. मेंदूतल्या ताऱ्यासारख्या पेशी आधी त्यांना मारायलाच धावतात. पण एखादी वाचते, त्या ताऱ्यांना बिलगते, आणि मग तेच तारे तिला सांभाळायला लागतात. घरात शिरलेल्याला घरच्याने अंथरूण घालून द्यावं तसं. ती म्हणत होती, यात तारे वाईट नाहीत. त्यांचं कामच सांभाळणं आहे.

हे मी किती वेळा ऐकलं होतं. तालमीत, चहाच्या वेळी, तिच्या मसुद्याच्या समासात. आणि तरी अंगावर काटा आला. ही गोष्ट तिला कशी दिसली ते मला पक्कं आठवतं. ती नवी होती, आणि तिने काढलेले फोटो मी परत पाठवले होते. "अगं अवनी, गाठ मध्ये घे. हे काय, अर्धी चौकट रिकामी." ती पुढच्या आठवड्यात आली ते पुन्हा तसेच फोटो घेऊन. मी चष्मा काढून ठेवला, म्हणजे रागावले. माझा राग तेवढाच असतो. ती म्हणाली, "मैम, बीच में तो सब एक जैसी दिखती हैं. फ़र्क़ तो किनारे पर है." मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? ती खांदे उडवत म्हणाली, "पापा की पोस्टिंग होती थी न. हर बार नया क्वार्टर. क्वार्टर सब एक जैसे होते थे, मैम. कहाँ अच्छा लगेगा, कहाँ नहीं, यह पड़ोस देखकर समझ आता था." मी काही बोलले नाही. तेव्हा जेवत नव्हते, तरी बोलले नाही. तिने ते फोटो माझ्या टेबलावर पसरले, आणि मी एकेका फोटोच्या कडेवरून बोट फिरवत गेले. ज्या जागेवरून मी आयुष्यभर स्लाइड सरकवून पुढे जात आले, तिथे ही पोर थांबली होती.

टाळ्या झाल्या. प्रश्न सुरू झाले. दोनतीन साधे प्रश्न, तिने नीट उत्तरं दिली. मग डॉ. माथुर खुर्चीत मागे टेकले. "बेटा, काम बढ़िया है. पर एक बात साफ़ कर लें. यह किनारे वाला विचार, जिस पर पूरी थीसिस खड़ी है, यह आपकी गाइड का है. आपने उसे अच्छे से निभाया है, और उसमें कोई शर्म की बात नहीं. मैडम ने ख़ुद अभी लंच पर माना."  अवनीने माझ्याकडे पाहिलं. मी ती नजर आधी ओळखली नाही. मला वाटलं आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि माझे हात खुर्चीच्या दांड्यावर गेले. विजयाताईंनी पदर तोंडाशी नेला. एक क्षण, फक्त एक क्षण, मी हेही पाहिलं की सगळं सभागृह माझ्याकडे आदराने बघत आहे, आणि तो आदर माझ्या अंगाला कसा बसतोय. मग मी नजर अवनीकडे वळवली.

"लंच पर, सर?" अवनी म्हणाली. "मैम ने कहा?"

"कहा नहीं. पर मना भी नहीं किया."

आणि अवनी हसली. अगदी मोकळं, पोरकट हसली. "सर, मैम चातुर्मास में खाते वक़्त बोलती नहीं हैं. आप पूछते कि मैडम, गेस्ट हाउस में आग लगी है क्या, तब भी मना नहीं करतीं."

सभागृहात एकच हशा पिकला. मागच्या रांगेतून आमचा सुजय, माझा तरुण सहकारी, ओरडला, "सर, पिछले साल छिपकली गिरी थी मैम के पास, तब भी कुछ नहीं बोलीं! हम सब चिल्लाए!" लीलावतीजी डोळे पुसत म्हणाल्या, "माथुर साहब, ग़लती हमारी है, आपको बताना रह गया. खाते वक़्त इनसे तो ख़ुद डायरेक्टर भी दस्तख़त नहीं ले सकते." डॉ. माथुरही हसले, पण कान लाल झाले होते. चूक लक्षात आली की मोठी माणसं कधी कधी आणखी कडक होतात. ते सावरून बसले. "ठीक है. अब तो खाना नहीं चल रहा. मैडम, आप ही बता दीजिए. किसका है?"

मी उठायला लागले. शेवटी मला विचारलं होतं. वाक्य तयार होतं, तीन भाषांत तयार होतं. आणि अवनी म्हणाली, "सर, मैम से मत पूछिए."

"क्यों?"

"वो तो मेरी तारीफ़ ही करेंगी. फिर आप सोचेंगे कि बड़ा दिल है इनका. मुझसे पूछिए न, सर. मेरा है या नहीं, यह मुझसे पता चलना चाहिए."

"काय बोलतेय ही, बाई," विजयाताई पुटपुटल्या, "मोठ्या माणसांपुढे!" देवदत्तराव मात्र हलले नाहीत. मी अर्धी उठलेली खाली बसले. मला लागलं, खोटं कशाला बोलू. इतक्या घाईने मी तिला वाचवायला उठले होते, आणि तिला मी नको होते. पण ते लागणं पुरतं आत पोचायच्या आधीच दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते इतकं मोठं होतं की छातीत मावेना. ही पोर माझ्या आडोशाला वाढली. मी तिला मायेने सांभाळलं, कधी चुकून दाबलंही असेल. आणि ती आता तो आडोसा हाताने बाजूला करून उजेडात उभी होती. कोणत्या मंत्राने, कोणत्या व्रताने असं मागता आलं असतं?

डॉ. माथुरांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग आपला लॅपटॉप पुढे ओढला. "अच्छा. तो यह मेरे अस्पताल का केस है. आपकी थीसिस में नहीं है, किसी पेपर में नहीं है. फेफड़े की गाँठ. बताइए, दिमाग़ में गई या नहीं गई?" पडद्यावर चित्र आलं. काठोकाठ गाठ. जांभळ्या, फुगलेल्या, एकमेकींवर चढलेल्या पेशी, जागोजाग फुटणारी केंद्रकं. इतकी रागीट गाठ मी फार वेळा पाहिलेली नाही. माझ्या मनाने एका श्वासात उत्तर दिलं. गेली. गेलीच असणार. आणि त्या शब्दाबरोबर आईचा भात वाळलेला हात डोळ्यांपुढे आला, आणि मी मनातल्या मनात अवनीला ओरडून सांगत होते, बाळा, गेली म्हण, गेली म्हण.

अवनीने चित्र पाहिलं. "नहीं बता सकती, सर."

"क्यों?"

"यह गाँठ के बीच का फ़ोटो है. इसमें किनारा नहीं है."

"अंदाज़ा तो लगाइए. इतना डरावना केस है."

"अंदाज़ा लगाऊँगी तो वह मेरा काम नहीं होगा, सर. डरावनी तो है. पर डरावनी होने से कुछ पता नहीं चलता. पूरी स्लाइड हो तो दिखाइए."

  पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी मान हलवली. डॉ. माथुरांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, अगदी थोडं, आणि त्यांनी बटण दाबलं. आता पूर्ण स्लाइड होती. अवनी व्यासपीठावरून उतरून पडद्याजवळ गेली, इतकी जवळ की गाठीचा जांभळा रंग तिच्या ओढणीवर पडला. ती मध्यभागाकडे बघतही नव्हती. कडेवरून जात होती, सावकाश, प्रदक्षिणा घालावी तशी. कुठे थांबायची, मागे यायची, पुन्हा पुढे.  मी देवळात बसते तेव्हा असंच असतं. पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही, पण आपण गप्प बसतो.

"यहाँ तंतु गोल घूम रहे हैं," ती म्हणाली, जणू स्वतःशीच. "यहाँ भी. यह एक जगह खुली है थोड़ी, यहाँ मुझे डर लगता है. पर देखिए, ठीक उसी जगह लड़ने वाले सेल सबसे ज़्यादा खड़े हैं." ती वळली. "सर, पक्का कोई नहीं कह सकता. कल कुछ भी हो सकता है. पर आप आज पूछ रहे हैं तो मैं कहूँगी, नहीं गई."

 डॉ. माथुरांनी चष्मा काढला. "मेरी पुरानी मरीज़ हैं," ते म्हणाले. "हमने तो घरवालों को तैयार रहने को कह दिया था. हर बार एमआरआई साफ़ आता है. अपने पैरों से चलकर आती हैं, और आते ही मुझे डाँटती हैं कि मैं लेट क्यों हूँ. इतना बोलती हैं कि नर्सें भाग जाती हैं." लोक हसले. मी हसले नाही. कुठेतरी एक बाई आहे, जिच्या छातीत एवढी रागीट गाठ आहे, आणि तिच्या भोवतालच्या मांसाने, ज्याला कुणी नाव देत नाही, ज्याचा कुणी फोटो काढत नाही, त्याने ती कोंडून धरली आहे. आणि ती बाई बोलते. डॉक्टरला रागावते, नर्सांना पळवते. मला तिचा आवाज ऐकावासा वाटला. कसा असेल? जाड असेल, थोडा फुटका, जेवण झाल्यावर एकदम सुरू होणारा.

"मैडम," डॉ. माथुर म्हणाले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात तो दुपारचा भेटवस्तूचा सूर नव्हता. "मुझे जवाब मिल गया. पर गाइड का भी कुछ कहना बनता है."

मी उठले. तयार केलेली तिन्ही भाषांतली वाक्यं कुठे गेली ते कळेना. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे होते, आणि माझा आवाज नेहमीसारखाच बारीक निघाला. "सर, आपकी पहली तस्वीर देखकर," मी म्हटलं, "मैंने मन में कह दिया था कि गई होगी. मुझे पूरा यक़ीन था. मैं ग़लत थी." मग मी म्हटलं, "यह नज़र मेरी नहीं है. मेरी होती तो मैं आज ग़लत न होती. यह मैंने इससे सीखनी शुरू की है. अभी सीख ही रही हूँ." यापेक्षा जास्त मला बोलता आलं नाही. लाज वाटत होती का? मी शोधून पाहिलं. नव्हती वाटत. एवढ्या लोकांपुढे मी चुकले असं सांगताना माझी मान ताठ होती, माझी, जी कधी ताठ होत नाही, आणि हा अभिमान देवापुढे ठेवायलाही मला संकोच वाटला नसता.

अवनी पडद्याजवळच उभी होती. मला वाटलं ती लाजेल, किंवा धावत येऊन पाया पडेल. ती तशीच उभी राहून माझ्याकडे बघत होती. भुवया किंचित जवळ आलेल्या, डोकं एका बाजूला कललेलं. ती नजर मी ओळखली. विद्यार्थी चुकला की तो कुठे चुकला असेल ते शोधताना मी अशी बघते. त्यात कौतुक नव्हतं, माफी नव्हती, फक्त काम होतं.

"मैम, आप बीच में देख रही थीं," ती म्हणाली. मग सगळ्यांच्या देखत, तिच्या त्या मोडक्यातोडक्या मराठीत, "इकडे या ना. कडेपासून सुरू करा."

मी चष्मा नीट केला, रांगेतून बाहेर पडले आणि पडद्यापाशी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने बोट ठेवलं. मी तिथून बघायला लागले.